मागे कोण उभं आहे

माझा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याचा कॉम्प्युटर उघडला. धूळ पुसायला म्हणून नव्हे. दोन वर्षं हा मुलगा दार लोटून, कानाला हेडफोन लावून कुणाशी बोलत होता, ते मला बघायचं होतं. आईचा हक्क वगैरे मी म्हणणार नाही. माझा स्वभावच संशयी आहे. दुधाची पिशवी आली की मी आधी ती हातावर तोलते. फोनवर कुणी फार गोड बोलायला लागलं की याला नक्की काय हवंय, हा विचार माझ्या डोक्यात सुरू होतो. नवरा म्हणतो, तू देवळात नारळ दिलास तरी पुजारी अर्धा परत देतो की नाही ते बघत उभी राहतेस. बघते, त्यात खोटं काही नाही.

कॉम्प्युटरवर मुलगी सापडली नाही, कसलं व्यसनही सापडलं नाही. सापडला एक खेळ. मुलाला फोन केला तर तो हसायला लागला. म्हणाला, तूच खेळून बघ म्हणजे तुझी शंका फिटेल. शंका फिटावी म्हणून बसले, ती पुढे दीड वर्षं रोज दुपारी दोन ते चार बसत राहिले.

खेळ असा, की पाच जणांनी मिळून एका भुयारात शिरायचं, वाटेतल्या राक्षसांना मारत शेवटच्या मोठ्या राक्षसापर्यंत पोचायचं आणि तिथे जे मिळेल ते वाटून घ्यायचं. खेळणारे त्याला डंजन म्हणतात. पाचांत एक जण पुढे राहून सगळा मार अंगावर घेतो, तो टँक. एक जण मागे राहून त्या टँकच्या अंगातलं बळ भरून काढत राहतो, तो हीलर. बाकीचे तिघे मारणारे. मी टँक झाले. मागे उभं राहून पुढच्यावर भरवसा टाकणं माझ्याच्याने झालं नसतं. पण पुढे उभं राहिलं की आपली पाठ दुसऱ्याच्या ताब्यात जाते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

माझे सोबती कल्याणच्या पुढचेच होते. गटाचे प्रमुख अंबरनाथचे, शिवमंदिराजवळ राहणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसरे उल्हासनगर कॅम्प दोनमधले एक सिंधी दुकानदार. चेन, बटणं, लेस असला माल विकायचे आणि दुपारी गिऱ्हाईक पांगलं की गल्ल्यावरच लॅपटॉप उघडायचे. तिसरा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत रात्रपाळी करणारा तरुण, जो एकला उठून दोनला हजर व्हायचा. या तिघांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. माझा माइक बिघडलाय असं मी पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं, त्यामुळे त्यांनी माझा आवाजही ऐकला नव्हता. खेळातला माझा पुतळा मिशीवाला, दोन दरवाजांएवढा रुंद. साहजिकच मी त्यांची भाऊ होते.

मास्तरांनी नियम घालून दिले होते आणि ते शाळेच्या फळ्यावर असावेत तसे गटात कायम वर लावलेले असायचे. दारात उभं राहून टँकने तयारी विचारायची आणि चारही जणांचा होकार आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. टँकच्या पुढे कुणी पळायचं नाही. मध्येच उठावं लागलं तर एका शब्दात कारण लिहून उठायचं, म्हणजे दूध, दार, फोन असं काहीतरी. लाईट गेली तर मोबाइलवरून लगेच कळवायचं. कारण न देता अर्ध्यातून तीनदा जो जाईल त्याच्यावर मतदान. आणि जी वस्तू आपल्या पुतळ्याला घालता येत नाही, तिला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम मला इतका आवडला होता, की आमच्या सासरच्या लग्नांत मानपानाच्या साड्या वाटताना तो लागू करावा असं मला दर लग्नसराईत वाटतं.

आणखी एक नियम होता, फक्त आमच्या गटाचा. एका घरातल्या दोघांनी एका गटात यायचं नाही. पूर्वी कुणी दोन भाऊ होते म्हणे. ते वाटपात एकमेकांची बाजू घ्यायचे, मतदानात एकत्र हात वर करायचे आणि बाकीच्यांना वेड्यात काढायचे. तेव्हापासून मास्तर त्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत.

मला त्या गटाचं काय एवढं, असं कुणी विचारेल. घरात मी बोलायला लागले की नवरा टीव्हीचा आवाज जरा वाढवतो. दुपारी दोन ते चार मात्र चार माणसं माझ्या मागून चालायची, आणि मी थांबले की थांबायची. ती जागा मला प्यारी होती, एवढं साधं आहे ते.

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. सासऱ्यांनी भाताच्या शेताच्या कडेला बांधलेलं. आता शेत नाही, चहूबाजूंनी बिल्डिंगी आहेत. तळमजला शिकवणीच्या क्लासला भाड्याने दिलेला, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर धाकटे दीर आणि जाऊ. जावेशी मी चार वर्षं बोलत नव्हते. कारण पाणी. एका उन्हाळ्यात आमच्या मजल्याचं पाणी सकाळी मध्येच बंद व्हायला लागलं. गच्चीवरच्या टाकीला दोन मजल्यांचे दोन व्हॉल्व्ह, आणि गच्चीला तिचं दार जवळ. मी तिला विचारलं. विचारलं कसलं, जिन्यात उभं राहून आरोपच केला. ती म्हणाली, मी हात लावला नाही. मी म्हणाले, मग काय तो आपोआप फिरतो. त्याच दिवशी मी आमच्या व्हॉल्व्हला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि पाणी नीट यायला लागलं. त्याच आठवड्यात प्लंबर येऊन पाइप साफ करून गेला होता, पण ते मी मनावर घेतलं नाही. तेव्हापासून गणपतीत आम्ही एकाच ओट्यावर मोदक वळायचो आणि मिठाचा डबा हवा असला तर तिच्या मुलीमार्फत मागायचो.

गटातल्या जुन्या हीलरला नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या जागी पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आला. म्हणजे पुतळा म्हातारा. चालवणारा कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्याही माइकची काहीतरी तक्रार होती, तोही लिहूनच बोलायचा. सगळे त्याला बाबा म्हणायला लागले. बाबा आल्यापासून मी मरायची थांबले. राक्षसाचा घाव बसतो न बसतो तोच माझं बळ भरलेलं असायचं. कुठे मी थकणार, कुठे उगाच पुढे घुसणार, हे त्याला माझ्या आधी कळायचं. दोनदा तर त्याला चालली असती अशी अंगठी त्याने सोडून दिली, भाऊंना द्या म्हणून लिहिलं. बाकीच्यांनी वाहवा केली. मी मात्र अंगठी घातली आणि विचारात पडले, की इतकं कुणी कुणासाठी उगाच करत नाही.

मग लाईट जायला लागली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी जाते ती वेगळी. त्या दिवशी आम्ही डंजन ठेवतच नसू. ही न सांगता जाणारी. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब तेवढ्या, कॉम्प्युटर नाही. लाईट गेली की मी गेले. पण बाबाही त्याच क्षणी जायचा. असं एका महिन्यात चार वेळा झालं, आणि चौथ्या वेळी मास्तरांनी आम्हा दोघांना गाव विचारलं. घर नको, फक्त गाव. मी लिहिलं, बदलापूर. बाबाने लिहिलं, बदलापूर.

मास्तरांचा संशय माझ्यापेक्षा कमी नव्हता. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की एका गावात असणं वेगळं आणि एकाच क्षणी अंधारात जाणं वेगळं. तुम्ही दोघे एका घरातले आहात, नाहीतर भाऊ एकटाच दोन कॉम्प्युटर मांडून बसलाय. अंगठ्यांची गोष्टही त्यांच्या लक्षात होती. शनिवारपर्यंत खुलासा हवा होता, नाहीतर दोघांवर मतदान.

माझी जागा जाणार होती, आणि तीही मी न केलेल्या लबाडीसाठी. मी शोधाला लागले. आमच्याच ट्रान्सफॉर्मरवरचा कुणीतरी असणार एवढं नक्की होतं. समोरच्या बिल्डिंगमधले बँकेतून निवृत्त झालेले काका दुपारी पडदे का ओढतात, याचा मी दोन दिवस विचार केला. खालच्या क्लासच्या सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुम्ही कॉम्प्युटरवर काही खेळता का. त्यांना वाटलं मी भाड्याविषयी बोलायला आलेय. ते घाईघाईने छताच्या ओलीची तक्रार सांगायला लागले. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचाही मला संशय आला, कारण त्याला खरीच पांढरी दाढी होती.

गुरुवारी भुयाराच्या मध्यावर बाबाने लिहिलं, कुकर, दोन मिनिटं. आम्ही थांबलो. मी हेडफोन गळ्यात घेतला आणि माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, खुर्ची सरकली. पावलं स्वयंपाकघराकडे गेली. तिसरी शिट्टी अर्ध्यात तुटली. पावलं परत आली, खुर्ची सरकली, आणि पडद्यावर बाबाने लिहिलं, आलो.

लॉकडाऊनमध्ये माझ्या नवऱ्याने आणि दिरांनी मुलांच्या शाळेसाठी एकाच दिवशी, एकाच दुकानातून कॉम्प्युटर आणले होते. हे मला त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं. चार वर्षं जिच्याकडे मी पाठ फिरवून राहिले होते, तिच्याच हातात रोज दोन तास माझी पाठ दिली होती.

तरी माझी खात्री पटेना. शिट्ट्या काय, सगळ्यांच्याच घरी होतात. पक्का पुरावा हवा होता. शुक्रवार गेला आणि शनिवारी, खुलाशाच्या दिवशी, मी तो मिळवला. शेवटच्या राक्षसाच्या दारात सगळे थांबले होते. मी लिहिलं, दूध. जिना उतरून खाली गेले. मीटरच्या बोर्डावर दोन मजल्यांचे दोन मेन स्विच शेजारी शेजारी आहेत. मी वरच्या मजल्याचा मेन खाली पाडला. लगेच परत वर करायचा असं ठरवलं होतं, पण जिन्यात तिच्या दाराचा आवाज आला आणि मी चोरासारखी आमच्या घरात घुसले. कॉम्प्युटरवर पाहिलं, तर पांढऱ्या दाढीवाला दारात नव्हता.

दोन मिनिटांत मोबाइलवरून त्याचा एक शब्द आला. लाईट.

मास्तरांनी माइकवरून मला विचारलं, भाऊ, तुमच्याकडे लाईट आहे का. मी काय सांगणार? माझ्याकडे होती. मी लिहिलं, आहे. हा शब्द खरा होता आणि इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नसेन.

मास्तरांनी माझी माफी मागितली. म्हणाले, म्हणजे घर एक नाही, भाऊंवर आपण उगाच संशय घेतला. पण चार वेळा दोघांची लाईट एकदम गेली, म्हणजे लाइन एकच. आज भाऊंकडे आहे आणि यांच्याकडे नाही, हे कसं? म्हणजे हे लाईटचं नाव सांगून मध्येच उठून जातात. या महिन्यात बाबा आणखी दोनदा घाईत, कारण न लिहिता उठला होता. तीन झाले. नियम फळ्यावर होताच.

दुकानदारांना ते पटलं नाही. "साईं, एक घर का भी फ्यूज उडता है. पूछो तो सही," असं ते म्हणाले. मास्तरांनी बाबाला विचारलं, की तुमच्या एकट्याकडेच लाईट कशी गेली. तोवर जाऊ खाली जाऊन मेन वर करून आली होती, बाबा दारात परतला होता. तो काही लिहीत नव्हता. मी पडद्याकडे बघत बसले होते आणि माझ्या डोक्यावर खुर्चीचा जरासाही आवाज होत नव्हता. मेन उडला तर त्याची दांडी मधोमध अडकते; कुणी पाडला तर पूर्ण खाली जाते. तिने बोर्ड पाहिला होता. खालचा क्लास संध्याकाळचा, दुपारी घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नसतं. तिने एक ओळ लिहिली असती तर मी तिथल्या तिथे बाहेर गेले असते.

बाबाने लिहिलं, कारण सांगता येत नाही.

चारांपैकी तीन मतं लागायची. मास्तरांनी काढा म्हटलं. रात्रपाळीवाल्या तरुणाने काढा म्हटलं, त्याचे तीन डंजन फुकट गेले होते. दुकानदारांनी ठेवा म्हटलं. राहिले मी. मी त्या वेळी काय विचार केला ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, ही बाई मुद्दाम आली आहे. माझ्यावर पाळत ठेवायला, मी दुपारभर काय करते ते बघायला, एक दिवस जेवणाच्या पानावर सगळ्यांसमोर हसायला. ती गप्प बसली आहे त्यातही काहीतरी डाव आहे. मी काढा हे बटण दाबलं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा दारातून नाहीसा झाला, आणि वर खुर्ची सरकली.

मी जिना चढून वर गेले. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. तिने हे किती दिवस चालवलं होतं, ते मला तिच्या तोंडून हवं होतं. चार वर्षांत मी त्या दारावर हात ठेवला नव्हता. तिने दार उघडलं, तेव्हा तिच्या एका हातात लसूण होता आणि डोळे लाल होते. लसणाने डोळे लाल होत नाहीत, एवढं मलाही कळतं.

"मेन मी पाडला होता," मी म्हणाले.

"माहीत आहे. तुमची चप्पल बोर्डाखालीच राहिली होती. मी वर आणून तुमच्या दारात ठेवली."

मी खाली पाहिलं. मी अनवाणीच होते. मग मी ज्याच्यासाठी आले होते ते विचारलं, की टँक म्हणजे मी आहे, हे तिला कधीपासून माहीत होतं.

ती म्हणाली, पहिल्या आठवड्यापासून. "दर तीन पावलांनी मागे वळून बघता तुम्ही, ताई. मागे कोण उभं आहे ते. असं दुसरं कोण बघतं?"

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता. अजूनही मी तिला पकडायलाच बघत होते.

तिने लसणाची पाकळी या हातातून त्या हातात घेतली.

"सांगितलं असतं, तर मला मागे उभं राहू दिलं असतंत?"

मी खोटं बोलू शकले असते. दुपारभर तेच केलं होतं. तिच्या मागे भिंतीशी तिचा कॉम्प्युटर दिसत होता, बंद केलेला, त्याच्यावर घरच्या हाताने शिवलेलं कापड घातलेलं. माझ्या मुलाच्या जुन्या चादरीचं कापड होतं ते. आम्ही बोलत होतो त्या दिवसांत मीच दिलेलं.

"नसतं दिलं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. कुकरची शिट्टी झाली तशी ती वळली आणि दार लोटून आत गेली. मला बस म्हणाली नाही, आणि म्हणायला हवं होतं असं मला वाटलंही नाही.

मी खाली आले. गटात मास्तरांनी लिहिलं होतं, की चांगला हीलर मिळेपर्यंत दोन दिवस थांबू, भाऊंनी काळजी करू नये, भाऊंची जागा पक्की आहे. तरुणाने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मी खुर्चीत बसले आणि आधी हेडफोनचा माइक तोंडासमोर ओढला. दीड वर्षात पहिल्यांदा त्या तिघांना माझा आवाज ऐकू गेला, आणि तो बाईचा आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला असणार.

मी सांगितलं, की बाबा माझी धाकटी जाऊ आहे. आम्ही एका घरात राहतो; गटात आम्ही दोघी आहोत हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं आणि तिला माहीत होतं. तिची लाईट मी घालवली. ती माझं नाव सांगू शकत होती आणि तिने सांगितलं नाही. एका घरातला एकच राहू शकतो, तर तिला परत बोलवा.

मास्तर काही बोलणार होते. मी ऐकायला थांबले नाही. मत द्यायची वेळ त्यांच्यावर येण्याआधीच मी गटातून बाहेर पडले.